वाचकांचे प्रश्न : ‘प्रॉयसेन्स ग्लोरिया’ आणि त्याचे भाऊबंद

‘प्रॉयसेन्स ग्लोरिया’, म्हणजे ‘प्रशियाचे वैभव’, या जर्मन लष्करी मार्चबद्दल आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. सारख्या आशयाच्या प्रश्नांना एकच उत्तर दिले आहे.

प्रश्न : हा मार्च नक्की कधीचा? एका ठिकाणी १८७१ वाचले, दुसऱ्या ठिकाणी १९०९. पहिले वादन फ्रँकफुर्टला झाले असेही वाचले. तिथे प्रशियाच्या फौजेचे काय काम?

उत्तर : आधी फ्रँकफुर्टचा घोळ मिटवू. जर्मनीत या नावाची दोन शहरे आहेत. बँका आणि विमानतळासाठी प्रसिद्ध आहे ते माइन नदीवरचे. आपले फ्रँकफुर्ट ओडर नदीवरचे, आज अगदी पोलंडच्या सीमेला लागून असलेले. तिथे प्रशियाच्या ८ क्रमांकाच्या लाइब-ग्रेनेडियर रेजिमेंटची छावणी होती आणि योहान गॉटफ्रीड पीफ्के हे त्या रेजिमेंटचे बँडमास्तर होते. फ्रान्सविरुद्धचे युद्ध जिंकून १८७१मध्ये फौजा परतल्या. त्यांच्या विजयी संचलनात हा मार्च पहिल्यांदा लोकांसमोर वाजला.

आता सन. रचना १८७१ची आणि पीफ्के यांची, यात वाद नाही. पण त्या संचलनानंतर ती बाहेर फारशी गेली नाही, रेजिमेंटच्या घरातच राहिली. पीफ्के १८८४मध्ये वारले. मूळ स्वरलेखन हरवले. १९०९मध्ये ओस्कार हाकेनबेर्गर यांनी मार्चची पुनर्रचना करून तो पूर्ण बँडसाठी नव्याने मांडला, आणि त्या रूपात तो प्रशियाच्या अधिकृत संग्रहात गेला. तेव्हा धून १८७१ची आणि कानावर पडणारा पोशाख १९०९चा, असे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. ध्वनिमुद्रिकेवर ‘मूळ १८७१चे वादन’ असे छापलेले दिसले, तर ते विक्रेत्याचे शब्द समजावेत.

प्रश्न : या मार्चच्या नावापुढे ‘एएम २, २४०’ असे छापलेले असते. हा काय प्रकार आहे?

उत्तर : ‘एएम’ म्हणजे आर्मेमार्श, सैन्याचा मार्च. १० फेब्रुवारी १८१७ रोजी राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याने हुकूम काढून शाही मार्चसंग्रह सुरू केला. त्याआधी जो तो बँडमास्तर आपल्या आवडीचे वाजवी. एका रेजिमेंटचे कागद दुसरीला जुळत नसत आणि दर्जाचा काही धरबंध नव्हता. मग निवडक मार्च एकसारखे लिहून रेजिमेंटांना पाठवायला सुरुवात झाली.

पहिला आकडा विभागाचा आणि तो रोमन अंकात छापतात. पहिल्या विभागात पायदळाचे संथ मार्च, दुसऱ्यात पायदळाचे जलद मार्च, तिसऱ्यात घोडदळाचे. पुढचा आकडा त्या विभागातला अनुक्रम. म्हणजे ‘२, २४०’ हा पायदळाच्या जलद मार्चांपैकी दोनशे चाळिसावा. १८१४मध्ये नेपोलियनविरुद्धच्या दोस्त फौजा पॅरिसमध्ये शिरल्या, त्या प्रसंगाचे नाव मिरवणारा ‘पारीझर आइनत्सुग्समार्श’ याच विभागात ३८वा आहे, आणि पीफ्के यांचाच ‘क्योनिगग्रेट्सर’ १९५वा. एकच धून दोन विभागांतही असू शकते. ‘होहेनफ्रीडबर्गर’ पहिल्या विभागातही आहे आणि तिसऱ्यातही, कारण तो पायदळासाठी वेगळा आणि घोड्यावर बसून वाजवणाऱ्या तुतारीवाल्यांसाठी वेगळा मांडलेला आहे. म्हणून स्वरलेखन मागवताना नुसते नाव कळवू नका, विभाग आणि क्रमांकही कळवा. नाहीतर क्लॅरिनेट आणि बासरीला कागदच नाही असा घोडदळाचा संच हाती येतो.

प्रश्न : संगणकावरच्या फाइलमध्ये वेग ११४ दिला आहे, पण धून अंत्ययात्रेसारखी रेंगाळते. दुप्पट केली की ठीक वाटते. आकडा चुकीचा का?

उत्तर : आकडा बरोबर आहे, तो भलत्या स्वराला लावला गेला आहे. जुन्या जर्मन कवायतीत मिनिटाला ११४ पावले टाकत आणि पाऊल ८० सेंटिमीटरचे. मार्च ‘आल्ला ब्रेव्हे’ पद्धतीने लिहितात: बारमध्ये, म्हणजे स्वरलेखनातल्या एका खान्यात, दोन ठोके आणि प्रत्येक ठोक्याला एक हाफ नोट, म्हणजे क्वार्टर नोटच्या दुप्पट लांबीचा स्वर. म्हणून ११४ हा हाफ नोटचा वेग. फाइल बनवणाऱ्याने तो क्वार्टर नोटला लावला की सगळे निम्म्या गतीने चालते. एकतर क्वार्टर नोटला २२८ द्या, नाहीतर एकक बदलून हाफ नोटला ११४ द्या. दुसरा मार्ग चांगला, कारण मग मेट्रोनोमचा प्रत्येक टोला एका पावलावर पडतो. बारचा पहिला ठोका डाव्या पायाचा.

हिशेब करून पाहा. ११४ पावले गुणिले ८० सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला ९१ मीटर. सोळा बारच्या एका चरणात ३२ पावले होतात. तेवढ्यात तुकडी साडेपंचवीस मीटर पुढे जाते आणि वेळ लागतो जेमतेम १७ सेकंद. मैफलीत हाच मार्च १२० किंवा त्याहून वर नेतात. ऐकायला झोकदार वाटते, पण त्या गतीवर ८० सेंटिमीटरचे पाऊल टाकून लांब चालायला लागलात की चौथ्या-पाचव्या मिनिटाला पावले आखूड होऊ लागतात आणि रांगांतली अंतरे बिघडतात.

प्रश्न : संचलनात बँडच्या जवळच्या रांगा ठेक्यात असतात आणि मागच्या रांगांचे पाऊल उलटे पडते. सराव कमी पडतो का?

उत्तर : सरावाचा दोष थोडा, हवेचा जास्त. ११४च्या गतीत दोन पावलांमधला वेळ ०.५३ सेकंद. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. ३० मीटर मागच्या माणसाला ठोका ०.०९ सेकंद उशिरा ऐकू येतो, म्हणजे पावलाच्या सहाव्या हिश्श्याइतका. एवढे खपते. पण ९० मीटर मागे हा उशीर ०.२६ सेकंद होतो, बरोबर अर्धे पाऊल. पुढच्याचा पाय जमिनीवर आणि ऐकून चालणाऱ्या मागच्याचा हवेत. आणखी मागे गेलात, तर डाव्याचा उजवा होतो.

यावर जुना जर्मन उपाय असा की संचलनात बँड रांगेतून बाहेर वळतो, मानवंदना घेणाऱ्याच्या समोर उभा राहतो आणि तिथूनच वाजवत राहतो. तुकड्या त्याच्यासमोरून जातात. जी तुकडी नेमकी दिसायला हवी, ती बँडच्या सगळ्यात जवळ असते. शेवटची तुकडी गेली की बँड तिच्या मागे लागतो. बँड चालता ठेवायचाच असेल, तर मागच्या रांगांना कानावर नव्हे, पुढच्या माणसाच्या टाचेवर चालायला शिकवा. मागे दुसरा ढोल देऊ नका. दोन ढोलांचा ठेका मधल्या रांगांत एकमेकांत मिसळतो आणि गोंधळ दुप्पट होतो.

प्रश्न : आमचा हौशी बँड २२ जणांचा आहे. ‘प्रॉयसेन्स ग्लोरिया’ जमेल का? जर्मन संच मागवला, पण पहिल्याच तालमीत कानठळ्या बसल्या.

उत्तर : २२ जण पुरेत. २ बासऱ्या, ४ क्लॅरिनेट, ३ फ्लूगलहॉर्न किंवा ट्रम्पेट, २ टेनोरहॉर्न, १ बॅरिटोन, ३ फ्रेंच हॉर्न, २ ट्रॉम्बोन, २ ट्यूबा आणि मोठा ढोल, झांजा, साइड ड्रम यांना प्रत्येकी एक. कुणी गळाला, तर तिसरे फ्लूगलहॉर्न सोडा. ट्यूबा मात्र एकावर आणू नका. पावलाचा ठोका ट्यूबावर चालतो, आणि एकटा वादक श्वास घेतो त्या क्षणी बँडच्या पायाखालची जमीन जाते. दोघांनी श्वास आळीपाळीने घ्यायचा, तोही चरणाच्या जोडावर नव्हे, मध्ये कुठेतरी.

कानठळ्यांची कारणे बहुधा दोन. पहिले कारण जर्मन स्वरनामे. जर्मनीत ‘बी’ म्हणजे इतर ठिकाणचा बी फ्लॅट, आणि साध्या बी नॅचरलला ते ‘एच’ म्हणतात. ‘एस’ म्हणजे ई फ्लॅट, ‘आस’ म्हणजे ए फ्लॅट. कागदावर ‘इन बी’ लिहिलेले असेल, तर बी फ्लॅटचे वाद्य घ्यायचे.

दुसरे कारण टेनोरहॉर्न. जर्मन टेनोरहॉर्न बी फ्लॅटचा असतो, ब्रिटिश पद्धतीच्या ब्रास बँडमधला टेनर हॉर्न ई फ्लॅटचा. नाव पाहून कागद ई फ्लॅटवाल्याकडे गेला, की तो बरोबर वाचूनही षड्ज-मध्यमाच्या अंतराने वर वाजवतो. टेनोरहॉर्नला मार्चमध्ये स्वतःची मधली सुरावट असते, त्यामुळे ही चूक लपत नाही. तो कागद ब्रिटिश बॅरिटोन किंवा युफोनियम वाजवणाऱ्याला द्या, मात्र त्याला ट्रेबल क्लेफ वाचता येतो का ते आधी विचारा.

तिसरी अडचण पुढे येईल, म्हणून आताच सांगतो. ट्यूबा ठोक्यावर ‘उम्’ म्हणतो आणि हॉर्न दोन ठोक्यांच्या मध्ये ‘पा’ म्हणतात. जर्मनमध्ये या मधल्या ‘पा’ला ‘नाखश्लाग’ म्हणतात, मागाहूनचा टोला. नवखे हॉर्नवादक ट्यूबा ऐकून मग वाजवतात. ऐकेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून पुढच्या वेळी ते घाई करतात, आणि दहा बारमध्ये सगळा बँड धावू लागतो. आठवडाभर त्यांना बाकीच्यांशिवाय, फक्त मेट्रोनोमवर वाजवू द्या: टोल्यावर पाय, मध्ये स्वर. स्वर आखूड हवा, पण चावलेला नको.

मध्यंतरीच्या भागाला ट्रायो म्हणतात. मार्चमध्ये तिथे षड्ज बहुधा मध्यमावर सरकतो, म्हणजे कागदावर एक फ्लॅट वाढतो. पहिल्या तालमीत दोन-तीन जण हमखास जुन्याच षड्जावर राहतात. वाढलेला फ्लॅट सरळ लाल पेन्सिलने गोल करून ठेवा.

प्रश्न : बँडच्या पुढे घुंगरू आणि घोड्याच्या शेपट्या लावलेली एक उंच काठी असते. ती कशासाठी? आणि बँड लगेच सुरू न होता आधी नुसते ढोल का वाजतात?

उत्तर : ती शेलेनबाउम, शब्दशः घंट्यांचे झाड. उस्मानी जानिसारींच्या, म्हणजे तुर्की सुलतानाच्या खास शिपायांच्या, वाद्यमेळातून ती युरोपात आली; वरची चंद्रकोर आणि लोंबणारे केसांचे झुपके त्याचीच खूण. मोठा ढोल आणि झांजाही त्याच वाटेने आल्या. आता शेलेनबाउम वाद्य कमी आणि बँडचे निशाण जास्त आहे.

मार्चच्या आधीचा ढोल-बासरीचा तुकडा म्हणजे ‘लॉकेन’, हाक मारणे. जर्मन पद्धतीत दोन वेगळे ताफे असतात: पुढे छोटे ढोल आणि आडव्या बासऱ्यांचा ‘श्पीलमान्सत्सूग’, मागे पितळी वाद्यांचा बँड. पहिल्या ताफ्याचा टॅम्बूर मेजर लांब दंड उंचावून दोघांना इशारे देतो. लॉकेन संपताना पाऊल आणि ठेका जुळलेला असतो, म्हणून बँडला पहिल्या स्वरापासून पूर्ण आवाजात उतरता येते. लॉकेन गाळून थेट मार्च सुरू केला, की पहिले चार बार चाचपडण्यात जातात.

पितळी वाद्यांवर अशा धुना शक्य झाल्या त्या व्हॉल्व्हमुळे, म्हणजे नळीची लांबी बदलणाऱ्या कळांमुळे. श्टोल्त्सेल आणि ब्ल्यूमेल यांना प्रशियात त्याचे पेटंट १८१८मध्ये मिळाले. त्याआधीचा साधा भोंगा मोजकेच नैसर्गिक स्वर देई. १८३५मध्ये लष्करी बँडचे संघटक विल्हेल्म वीप्रेष्ट आणि वाद्य बनवणारे मोरित्स यांनी बर्लिनमध्ये बास ट्यूबाचे पेटंट घेतले. पीफ्के यांच्या मार्चमधला भरदार तळ या ट्यूबाचा. १८३८मध्ये रशियाचा झार बर्लिनला आला तेव्हा याच वीप्रेष्टनी हजाराहून जास्त वादक एकत्र आणून जो रात्रीचा समारंभ केला, त्यातून आजचा ‘ग्रोसर त्साप्फेनश्ट्राइश’ घडला.

प्रश्न : ‘होहेनफ्रीडबर्गर’ मार्च फ्रेडरिक द ग्रेटने लढाईच्या रात्री लिहिला, हे खरे का?

उत्तर : पुरावा नाही. प्रशियाचा हा राजा बासरी वाजवत होता, रचनाही करत होता, त्यामुळे कथा चिकटली. होहेनफ्रीडबर्गची ही ऑस्ट्रियाविरुद्धची लढाई ४ जून १७४५ची. तीत बायरॉइट ड्रॅगून रेजिमेंटने एकाच धडकेत ६०हून जास्त ऑस्ट्रियन निशाणे आणली. राजाने बक्षीस म्हणून या घोडेस्वारांना पायदळाचा ग्रेनेडियर मार्च वाजवण्याचाही मान दिला. पण धुनेचे हाती असलेले सगळ्यात जुने स्वरलेखन पियानोचे आहे आणि ते १७९५चे, म्हणजे लढाईनंतर ५० वर्षांनी.

मार्चला जोडलेले गाणे तर त्याहून नवे. ते आन्सबाख-बायरॉइट ड्रॅगूनांना हाक मारते. १७४५मध्ये रेजिमेंटच्या नावात आन्सबाख नव्हतेच; ही दोन संस्थाने एका राजाखाली आली १७६९मध्ये. शब्द जुळवले गेले ते लढाईच्या शताब्दीला, १८४५मध्ये.

प्रश्न : ऑस्ट्रियात जर्मन माणसाला ‘पीफ्के’ म्हणून चिडवतात. ते या बँडमास्तरांवरूनच का?

उत्तर : लोकप्रिय कथा तशी आहे. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्सला, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ह्राडेक क्रालोवेजवळ, प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला. पीफ्के यांनी त्यावर ‘क्योनिगग्रेट्सर’ मार्च रचला. आज तो वाजतो तेव्हा त्याच्या ट्रायोत ‘होहेनफ्रीडबर्गर’ ऐकू येतो, म्हणजे ऑस्ट्रियाचा एक पराभव दुसऱ्याच्या पोटात. प्रशियाची फौज व्हिएन्नात शिरली नाही. तिचे संचलन ३१ जुलैला शहराबाहेर गेन्झर्नडॉर्फजवळ झाले, आणि बँडपुढे योहान गॉटफ्रीड व त्यांचे भाऊ रूडोल्फ असे दोन पीफ्के होते. तेव्हापासून ‘पीफ्के आले’ ही ओरड सुरू झाली, असे सांगतात. मात्र बर्लिनच्या विनोदी लेखनात पीफ्के नावाचे पात्र त्याआधीच वावरत होते. नाव जुने होते, १८६६ने त्याला दात दिले, असे आम्ही मानतो.

१८६४मध्ये डेन्मार्कविरुद्ध ड्युप्पेलच्या तटबंदीवर हल्ला झाला, तेव्हाही पीफ्के बँड वाजवत होते. गोळी लागून हातातली छडी मोडली आणि त्यांनी तलवारीने ताल धरला, ही आख्यायिका बहुतेक चरित्रांत सापडते.

प्रश्न : हे मार्च नाझी आहेत का? जर्मनीत वाजवले तर गुन्हा होतो का?

उत्तर : ‘प्रॉयसेन्स ग्लोरिया’ नाझी राजवटीहून ६० वर्षांनी जुना आहे. आजचे जर्मन सैन्य परदेशी पाहुण्यांच्या स्वागतालाही तो वाजवते. त्या राजवटीने जुने मार्च भरपूर वापरले, आणि महाजालावर जुन्या चित्रफितींखाली तेच लावलेले असतात, त्यामुळे समज पसरला.

‘बाडेनवाइलर’चे प्रकरण वेगळे. बव्हेरियन बँडमास्तर गेऑर्ग फ्युर्स्ट यांनी तो १९१४मध्ये फ्रान्समधल्या बादोंविये इथल्या लढाईवर रचला. पुढे तो हिटलरच्या आगमनाचा मार्च झाला, आणि १९३९मध्ये तो केवळ त्याच्या उपस्थितीतच वाजवावा असा पोलिसी हुकूम निघाला. आज त्यावर बंदी नाही, पण कुठे आणि कुणासमोर वाजवतो आहोत याचे भान बँडमास्तराने ठेवावे. बंदी आहे ती नाझी पक्षाच्या ‘होर्स्ट वेसेल’ गीतावर. दंडसंहितेच्या कलम ८६अ खाली ते येते, आणि शब्द गाळून नुसती चाल वाजवली तरी सुटका नाही.

प्रश्न : ‘राडेट्स्की’ मार्चही पीफ्के यांचाच का?

उत्तर : नाही. तो ऑस्ट्रियन. थोरले योहान श्ट्राउस, व्हिएन्ना, १८४८.

प्रश्न : अशा मार्चचे रचनाकारांना किती पैसे मिळत?

उत्तर : पीफ्के पगारी बँडमास्तर होते, मार्च लिहिणे नोकरीचाच भाग. जगभर वाजणाऱ्या ‘आल्टे कामेराडेन’ची हकिगत मात्र नोंदलेली आहे. कार्ल टाइके उल्मच्या रेजिमेंटमध्ये वादक होते. १८८९च्या सुमारास त्यांनी हा मार्च वरिष्ठांना दाखवला. मार्च खूप झाले आहेत, हा शेगडीत घाला, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात. टाइके फौज सोडून पुढे पोट्सडामला पोलिसात लागले आणि मार्चचे हक्क त्यांनी एका प्रकाशकाला २० मार्कांना विकून टाकले.